कोकमाचं मुठेल घरी काढावं की बी विकून मोकळं व्हावं?

रातांबा: आमसुलं घालून झाली की कोकमाच्या बिया उरतात. यंदा आमच्या वाडीत बहुतेकांनी त्या व्यापाऱ्याला देऊन टाकल्या. मला पटत नाही. आजी बिया वाळवून फोडायची, गर वाटून पाण्यात उकळायची. सकाळी निवलेल्या पाण्यावर तेलाचा पिवळट पांढरा थर धरलेला असे. तो मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून मुठेल. थंडीत टाचा फुटल्या की गोळा निखाऱ्याजवळ धरायचा आणि पाघळलेला थेंब थेट भेगेत सोडायचा. चटका बसायचा, पण दोन-चार रात्रींत टाच मऊ. एवढं हातचं सोडायचं?

परसदार: सोडायचं. फोडणं, वाटणं, उकळणं कोणी केलं? आजीनेच ना? मे महिन्यात आगळ (कोकमाचा खारवलेला रस), साठं (वाळवलेली पोळी), पावसाळ्याची बेगमी, आणि वर हे. शिवाय नुसतं उकळून बरंच तेल चोथ्यातच राहतं. कारखाना द्रावक (तेल विरघळवून घेणारं रसायन) वापरून जवळपास सगळं काढतो, वासही घालवतो. क्रीम-साबणवाल्यांना तसंच लागतं. चॉकलेटवाल्यांनाही. कोको बटर ३५ अंशांच्या आतच वितळतं, कोकमाचं ४० च्या आसपास, म्हणून ते मिसळलं की चॉकलेट उन्हाळ्यात तग धरतं. युरोपीय संघाने २००० साली कोको बटरखेरीज ज्या सहा वनस्पतिज स्निग्धांना चॉकलेटात ५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली, त्यांत साल वृक्षाच्या बिया आणि आंब्याच्या कोयीसोबत कोकम आहे. तो दर्जा मुठीत वळून येत नाही.

भिरंड: आमच्याकडे याला भिरंडेल म्हणतात. घट्ट दिसतं म्हणून घरातली मुलं त्याला डालड्याच्या पंगतीला बसवतात, ते चूक आहे. वनस्पती तुपासाठी पातळ तेलात हायड्रोजन घालावा लागतो, त्यात हृदयाला घातक ट्रान्स फॅट तयार होतं. २०२२ पासून त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली ती उगाच नाही. कोकमाचं तेल मुळातच घट्ट, कारण त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल, म्हणजे घट्ट राहणारं संपृक्त मेदाम्ल. तरी रोजच्या फोडणीला मी ते वापरणार नाही, संपृक्तच आहे ते. पायाला, ओठांना मात्र दुसरं काही नको.

रातांबा: @परसदार, आजीच्या कष्टांचं बोललात ते लागलं. खरं आहे. पण मग कष्ट वाटून घेऊ, बी का घालवायची? मी दोन पायली राखून ठेवल्यात. फोडणं आणि चुलीपुढचं काम मी करणार, भरड गिरणीतून आणणार.

परसदार: करा. पण तेल किती निघालं ते वजन करून इथे लिहा, लाकडं आणि गिरणीचा खर्च धरून. बीच्या भावापेक्षा चार पैसे जास्त सुटले तर पुढच्या मे महिन्यात माझ्या बिया तुमच्या चुलीवर.