दहा-पंधरा वर्षं जुनी जर्मन सेडान: कंपनीचं वर्कशॉप की बाहेरचं गॅरेज?

पाषाणकर: वॉरंटी संपलेली मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी बाहेरच्या जाणकार गॅरेजलाच न्यावी असं माझं ठाम मत आहे. वर्कशॉपमधली पोरं हुशार असतात, पण तिथे दुरुस्ती कमी आणि अख्खं युनिट बदलणं जास्त, आणि जुन्या गाडीला ते परवडत नाही.

मर्सिडीजचं ओएम 642 हे सहा सिलिंडरांचं डिझेल व्ही6 इंजिन घ्या, ई 280 सीडीआयमध्ये होतं ते. ऑइल कूलर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खाचेत, टर्बोखाली. तिथल्या उष्णतेने सील कडक होतात, ऑइल खाचेत साठतं आणि मागून गिअरबॉक्सच्या तोंडाशी ठिबकतं, त्यामुळे खालून बघणाऱ्याला वाटतं क्रँकचा मागचा सील गेला आणि गिअरबॉक्स उतरवायचं एस्टिमेट हातात पडतं! सील किरकोळ किमतीचे असतात, नंतर आलेले जांभळे टिकतातही चांगले, पैसे जातात ते मजुरीत कारण वरचं सगळं उतरवावं लागतं. भोसरीतला माझा मेकॅनिक आधी बारीक कॅमेरा खाचेत सोडतो, स्क्रीनवर साचलेलं काळं तेल गिऱ्हाइकाला दाखवतो, मगच पाना उचलतो.

सावध चालक: अजिबात पटलं नाही. इंजिनचं ठीक आहे, ब्रेकचं काय? 2006 च्या फेसलिफ्टआधीच्या मर्सिडीज ई क्लासला एसबीसी ब्रेक आहेत, पेडल दाबलं की प्रेशर इलेक्ट्रिक पंप आणि कॉम्प्युटर मिळून देतात. पंपाचं आयुष्य मोजणारा काउंटर असतो, तो भरला की वॉर्निंग येते, आणि बाहेर सर्रास टूल लावून काउंटर मागे नेतात आणि जुनाच पंप चालवतात. खंबाटकी घाट उतरताना अशा गाडीत मी घरच्यांना बसवणार नाही. साधे पॅड बदलायचे तरी ती सिस्टीम आधी बंद करावी लागते, नाहीतर गाडी अनलॉक केली की पंप स्वतःहून प्रेशर देतो आणि मेकॅनिकची बोटं चिरडतात. कोपऱ्यावरच्या किती गॅरेजांना हे माहीत आहे?

पाषाणकर: काउंटर मागे नेणारा माणूस गॅरेजवाला म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, त्यात दुमत नाही. पण ज्याला माहीत आहे त्याला टूल आणि माहिती मिळू द्यायची नाही, आणि वर म्हणायचं बाहेरच्यांना काही येत नाही, हे चालणार नाही. 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला तो याचसाठी, सुटे भाग आणि डायग्नोस्टिक टूल बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळत नव्हते म्हणून.

नाना पेठवाला: पार्टचं मी सांगतो, रोजचा धंदा आहे. सस्पेन्शन आर्म लेमफोर्डरचा, फिल्टर मानचा, इंजेक्टर बॉशचा, बरेचदा तोच माल कंपनीच्या डब्यात जास्त भावाने येतो. मात्र आमच्या नाना पेठेतल्या पार्टच्या बाजारात त्याच नावाचा डुप्लिकेटही मिळतो, त्यामुळे जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि जुना पार्ट परत मागा. बिल देताना दुकानदार का कू करायला लागला तर तिथून निघा.

सावध चालक: बघा, म्हणजे अर्धं काम गाडीमालकानेच करायचं. आणि बीएमडब्ल्यूला नवी बॅटरी टाकली की गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशोबानेच होत राहतं. बाहेर कितीजण करतात?

वाकडचा डिझेलवाला: माझा मेकॅनिक करतो, स्वतःचा स्कॅनर आहे त्याच्याकडे. उलट माझ्या गाडीला गिअर बदलताना झटके यायला लागले तेव्हा एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला गिअरबॉक्सचं ऑइल बदलू का विचारलं, तर म्हणाले गरजच नाही, आयुष्यभराचं भरलंय. झेडएफ म्हणजे गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः सांगते 80 हजार ते 1 लाख 20 हजार किमीला किंवा आठ वर्षांत बदला! मेकॅनिकने प्लॅस्टिकचा सम्प, म्हणजे गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं, फिल्टरसकट बदलला, इंजिन चालू ठेवून तेल 30 ते 50 अंशांत असताना लेव्हल केली, झटके गेले. घाईत थंड्या गाडीवर लेव्हल करणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

सावध चालक: गिअरबॉक्सचं मान्य, तुमचा माणूस खरा दिसतोय. ब्रेक आणि एअरबॅगसाठी मी तरी वर्कशॉपच धरणार, बिल दुप्पट आलं तरी.

पाषाणकर: वाकडकर, सम्प ओरिजिनल टाकला का? आणि मेकॅट्रॉनिकच्या, म्हणजे गिअरबॉक्समधल्या कंट्रोल युनिटच्या, कनेक्टरचा स्लीव्ह त्याच वेळी बदलला का? तो कडक झाला की तिथूनही तेल झिरपतं.