मदत हवी आहे: फातोर्ड्यात पिवळ्या जर्सीसोबत कुठे बसू?

मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवा आणि केरला ब्लास्टर्सच्या फुटबॉल मॅचला माझा केरळचा मित्र येतोय. पठ्ठ्या पिवळी जर्सी घालूनच येणार, मी अर्थात नारिंगी. तसे आम्ही समदुःखी: 2015 ची इंडियन सुपर लीगची फायनल चेन्नईयिनने आपल्याकडून 3-2 अशी नेली, 2022 ची हैदराबादने त्यांच्याकडून पेनल्टीवर. दोन्ही फातोर्ड्यालाच! त्यामुळे चिडवाचिडवी रंगते, भांडण होत नाही.

आम्हाला शेजारी बसायचंय. आपल्या स्टँडमध्ये पिवळी जर्सी गेटवर अडवतात का? की मीच पाहुण्यांच्या स्टँडमध्ये जाऊ? (ढोल तिकडेही जोरात असतात म्हणे.)

आणि मॅचनंतर रस-आम्लेटचा चांगला गाडा जवळपास कुठे? फोंड्याला परतायचंय, रात्री उशिरा बस मिळेल की स्कूटरच काढू?