तीनच पोर्ट उघडे, म्हणजे सर्व्हर सुरक्षित?

कोरडवाहू, छत्रपती संभाजीनगर

मागच्या आठवड्यात एका पतसंस्थेच्या सर्व्हरचा तपासणी अहवाल हातात पडला. पानं दोन. पहिल्यावर लेटरहेड आणि शिक्का, दुसऱ्यावर पोर्टांचा, म्हणजे सर्व्हरच्या आकडे दिलेल्या दारांचा तक्ता: २२, ८०, ४४३ उघडे, बाकी सगळे बंद, "धोका कमी". अध्यक्ष खूश. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे तीन बी बंद करून टाका की, म्हणजे शून्यच येईल." ४४३ बंद केला तर खातेदारांना वेबसाइट दिसणार कशी, हे समजावता समजावता माझा चहा गार झाला.

उघडे पोर्ट मोजून सर्व्हरला पास-नापास करणं मला पटत नाही. एनमॅप या पोर्ट तपासायच्या प्रोग्रामला काही न सांगता सोडलं तर तो टीसीपी या माहिती पाठवायच्या पद्धतीचे नेहमीच्या वापरातले १००० पोर्ट बघतो. पोर्ट आहेत ६५,५३५, आणि यूडीपी या दुसऱ्या पद्धतीचे तितकेच वेगळे. मग "बाकी सगळे बंद" हे लिहिलं कशाच्या जोरावर? जे उघडे दिसले त्यांच्यामागं कोणतं सॉफ्टवेअर आहे, ते शेवटचं अपडेट कधी झालं, कोणाकोणाकडं पासवर्ड आहे, यावर अहवालात एक ओळ नाही. २०१७ साली इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली ती काही चोरवाटेनं गेली नाही. वेबसाइटच्या नेहमीच्या दारातून गेली. अपाची स्ट्रट्स या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक होतं, मार्चमध्ये दुरुस्ती आलेली होती, त्यांनी ती वेळेत बसवली नाही. हे भोक पोर्ट मोजून दिसणारं नव्हतं.

डाळमिल_लातूर

सर, तुमचं ज्ञान मोठं, पण आमच्या एमआयडीसीत येऊन बघा. मी सात-आठ डाळमिलांचे कॉम्प्युटर सांभाळतो. एका ठिकाणी मालकांना रात्री घरी बसून टॅली बघायची सवय. म्हणून आधीच्या माणसानं रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ थेट इंटरनेटवर सोडलेला. पासवर्ड म्हणजे मिलचं नाव आणि पुढं १२३. तुरीची आवक ऐन भरात, यार्डात गाड्यांची रांग, आणि सकाळी एक बी फाइल उघडंना. स्क्रीनवर पैसे मागायची चिठ्ठी. आडत्यांचे हिशोब आठ दिवस वह्यांवर केले.

तिथं कोणी फुकटात एनमॅप मारला असता तरी पाच मिनिटांत कळलं असतं. तुम्ही "पोर्ट बघून काय होतंय" म्हणलं की लोक तेवढं बी बघायचं सोडतील. मे २०१७ ला वॉनाक्राय हे फाइली कोंडून खंडणी मागणारं दुखणं आलं ते कुठून? विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या ४४५ मधून. त्याच वर्षी जानेवारीत मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पुसून खंडणी मागितली ते कशानं? २७०१७ जगाला उघडा आणि पासवर्डच नाही. आमच्यासारख्यांचं नव्वद टक्के दुखणं पोर्टातच हाय. (नव्वद माझा अंदाज. पुरावा मागू नका.)

कोरडवाहू

अण्णा, ३३८९ बद्दल तुमच्याशी वाद नाहीच. पण एक सांगा, त्या मिलचा बॅकअप कुठं होता?

डाळमिल_लातूर

त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर. कळलं काय म्हणायचंय ते. तो बी गेला.

परभणी_लिनक्स

कोरडवाहू दादांच्या बाजूनं थोडं. उघड्या पोर्टावरची पाटी वाचून निकाल देणारे तर अजून भारी. सर्व्हर "ओपनएसएसएच ७.४" (दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर, नेहमीचा पोर्ट २२) म्हणतोय, म्हणून लाल रंगात "अतिधोकादायक". रेड हॅट काय, डेबियन काय, हे लिनक्सवाले आवृत्तीचा आकडा जुनाच ठेवून सुरक्षेची दुरुस्ती त्यातच आणून बसवतात. पाटी जुनी, माल दुरुस्त. मला एकदा असल्या लाल अहवालावर खुलासा लिहायला सांगितलं होतं. चौदा पानं झाली, कोणी वाचली नाहीत. उलटं पण होतं: एसएसएच २२ वरून २२२२ वर नेला की म्हणतात सुरक्षित झाला. लॉगमधला कचरा कमी होतो हे खरं, पण पासवर्ड तोच असेल तर पुढं काय?

देवगिरी_पायथा

आमच्या गावाकडचं उदाहरण देतो. देवगिरीसारखा किल्ला: तासलेले कडे, खंदक, आत जायची वाट अंधारीतून. दरवाजांची मोजणी केली असती तर पैकीच्या पैकी मार्क. १२९६ ला अल्लाउद्दीन आला तेव्हा रामदेवराय आत कोंडून घेऊन बसले, आणि धान्य म्हणून वर नेलेल्या गोण्यांत मीठ निघालं असं सांगतात. शरण जावं लागलं. गोण्या उघडून कोणी बघितल्या नव्हत्या.

डाळमिल_लातूर

भाऊ, गोष्ट झकास. पण दरवाजा सताड उघडा असता तर गोण्यांत काय आहे हे विचारायची वेळच आली नसती. आमच्या मिलला कडाही नाही आणि खंदकही नाही.

रात्रपाळी_नांदेड

मी डाळमिल दादांच्या बाजूनं, पण माझं कारण वेगळं. स्कॅनचा खरा उपयोग सर्व्हरला मार्क द्यायला नाहीच. आपली समजूत खरी आहे का, ते त्यातून कळतं.

माझंच सांगते. सर्व्हरवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल, म्हणजे नको ते पोर्ट अडवणारा प्रोग्राम, लावली, फक्त २२ आणि ४४३ ला परवानगी. स्टेटस बघितलं, सगळं बरोबर. नंतर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) मायएसक्यूएल हा डेटाबेस चढवला आणि पोर्ट लिहिताना पुढं १२७.०.०.१, म्हणजे फक्त याच मशीनपुरता, टाकायचं राहिलं. डॉकर आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉल नियमांत स्वतःचे नियम घालतो, यूएफडब्ल्यूला विचारत नाही. स्टेटस अजूनही म्हणतंय की बंद. एका रात्री कंटाळा आला म्हणून मोबाइलच्या नेटवरून स्कॅन मारला तर मायएसक्यूएलचा ३३०६ ढळढळीत उघडा. तीन महिने तसाच होता. आतून किती बघितलं असतं तरी फायरवॉल मला हेच सांगत राहिली असती की काळजी करू नको. कोरडवाहू सर, असल्या चुकीला तुमच्याकडं पोर्ट बघण्यापलीकडं दुसरा उपाय आहे का?

कोरडवाहू

ताई, नाही. हा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो सोडला होता. माझं भांडण स्कॅनशी नाही, त्याच्या खाली मारलेल्या "धोका कमी" या शिक्क्याशी आहे. पण तुम्ही स्कॅन बाहेरून केला म्हणून सापडलं. पतसंस्थेच्या त्या माणसानं लॅपटॉप ऑफिसच्याच वायफायला जोडून केला होता. बाहेरून काय दिसतं हे अजून कोणी बघितलेलंच नाही. आणि उलटी वाट पण आहे. कॅशियरनं ईमेलमधली फाइल उघडली की आत बसलेला प्रोग्राम स्वतःच बाहेर कनेक्शन करतो. त्याला तुमचा एकही पोर्ट उघडा लागत नाही.

परभणी_लिनक्स

मग मी आता पार्टी बदलतो. मार्च २०२४ ची एक्सझेड या लिनक्समधल्या फाइल दाबून लहान करायच्या सॉफ्टवेअरची भानगड आठवा. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार घातलेलं, एसएसएचमधून आत यायला. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा संशय आला म्हणून सापडलं. ज्यांनी २२ जगाला उघडा न ठेवता व्हीपीएनच्या, म्हणजे फक्त आपल्या माणसांच्या खाजगी जोडणीच्या, मागं ठेवला होता, त्यांच्यापर्यंत ते दार बाहेरून पोचलंच नसतं. भोक कुठंय हे माहीत नसताना सुद्धा कामाला येतं ते पोर्ट बंद ठेवणंच.

कोरडवाहू

हे मान्य. म्हणूनच अहवालात २२ समोर "उघडा" एवढंच लिहिणं मला खटकतं. कोणाला उघडा, कशासाठी, पासवर्डवर का कीवर (डिजिटल किल्लीवर), ते लिहा ना. उद्या पतसंस्थेला तेच प्रश्न पाठवतो. अध्यक्ष परत शून्यच मागणार म्हणा.

डाळमिल_लातूर

तुम्ही प्रश्न पाठवा सर. मी मात्र नवीन गिऱ्हाइकाकडं गेलो की आधी ३३८९ बंद करणार, मग चहा घेणार. बॅकअपचं बी बघतो आता, डी ड्राइव्हवरून हलवतो. निघतो, काट्यावर गाडी लागलीय.