मुंबईचा उन्हाळा: तुमचं घर कशाने गार राहतं? (आणि बिल?)

मार्चमध्ये दोन-चार दिवस असे येतात की दुपार झाली तरी समुद्राचं वारं शहरात शिरत नाही. पूर्वेकडून झळा येत राहतात. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले होते, त्यामुळे 'आमच्या लहानपणी असं नव्हतं' हे वाक्य इथे नको. एसी दिवसभर न चालवता तुम्ही काय करता ते लिहा. फसलेलं आधी.

मुलुंड, माहेर नागपूर
फसलेलं माझ्याकडेच आहे. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात हट्टाने कूलर आणवला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तीन दिवसांत डब्यातले पापड मऊ पडले, चादरी ओलसर आणि घाम दुप्पट. नागपूरच्या कोरड्या हवेत पाणी झरझर उडतं म्हणून गारवा येतो. इथली हवा आधीच दमट, पाणी उडणार कुठे? आता कूलरमध्ये कांदे-बटाटे ठेवतो. जाळीमुळे हवा छान खेळते.

गोरेगाव, सातवा म्हणजे शेवटचा मजला
आमचं दुखणं डोक्यावरचं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ओकतो. दहा वाजता पंखा लावला की वरची गरम हवाच अंगावर येते. पंखा काही खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो इतकंच. गच्ची चुन्याने पांढरी करायची म्हटल्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तासभर काथ्याकूट झाला. एका काकांचं म्हणणं, पांढऱ्याने डोळे दिपतील. शेवटी 'स्वखर्चाने आणि स्वतःच्या डोक्यावरचीच' अशी परवानगी मिळाली. मी आणि मुलाने चुन्यात फेविकॉल कालवून केरसुणीने दोन हात मारले. वाळल्यावर दुपारी दोनला अनवाणी चालून पाहिलं: पांढऱ्यावर उभं राहता येत होतं, बाजूच्या काळ्यावर पाय टेकवेना. एसी लागतोच, पण पहाटेपर्यंत चालायचा तो आता साडेबाराला बंद होतो. पावसाळ्यात चुना धुपतो, दर वर्षी पुन्हा केरसुणी.

लालबाग, चाळ
आजीचा नियम: पश्चिमेची खिडकी बाराला बंद, उन्हं उतरली की उघडायची. बाहेरून चिकाचा, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा. बाहेरूनच हं, आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, मग काय उपयोग! दाराला अर्धा पडदा लावून दार सताड उघडं, म्हणजे गॅलरीतून वारा आरपार जातो. चौकशा पण आरपार येतात.

अंधेरी
तीन जुने पंखे काढून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, बसवले. जुना ७५ वॅटचा, नवा २८ चा. दिवसाला दहा तास धरले तर तीन पंख्यांचे महिन्याला ४२ युनिट वाचतात. एक तक्रार: रिमोट सोफ्यात गेला की सगळं घर घामाघूम.

कुर्ला, पत्र्याचं घर
तुम्ही सगळे स्लॅबवाले. आमच्याकडे घरमालक पत्र्याला हात लावू देत नाही. थर्माकोल लावायचा होता, पण खाली गॅस, वर वायरी, आगीची भीती. भाऊ इलेक्ट्रिशियन आहे, तोच नको म्हणाला. आई दुपारी पत्र्यावर ओलं गोणपाट टाकते. वर ऊन आणि वारा दोन्ही, त्यामुळे तिथे पाणी उडतं. पण पाणी सकाळी दीड तास येतं, म्हणून गोणपाटाला कपडे धुतलेलंच पाणी.

माहीम
एसी २६ वर आणि पंखा दोनवर. जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ वरच सुरू होतात, आमच्याकडे तिथून लगेच १८ वर नेणारा एक मुलगा आहे. रिमोट उशीखाली घेऊन झोपते.

गोरेगाव, शेवटचा मजला
@कुर्ला, चुना पत्र्यावरही बसतो. मालकाला 'गळती बंद करतोय' सांगून बघा. आमच्या गच्चीवरचे काका काल विचारत होते, उरलाय का थोडा.