मदत हवी आहे: सहा टोकांच्या तारा-पतंगाचा आराखडा

मंडळी, साधे पतंग आणि ऑस्ट्रेलियातल्या लॉरेन्स हारग्रेव्ह या संशोधकाने १८९३ मध्ये काढलेला पेटीपतंग (बॉक्स काइट), दोन्हींवर हात बसलाय. आता पेटीपतंगाच्याच धर्तीवर, पुढे-मागे दोन कापडी कप्पे असलेला सहा टोकांचा तारा करायचाय. मधल्या षट्कोनाची बाजू ३५ सेंमी धरली, तर टोकापासून समोरच्या टोकापर्यंत साधारण १२१ सेंमी भरतात. म्हणजे प्रत्येक कप्प्यात मधोमध एकमेकींना छेदणाऱ्या तीन काठ्या. घोडं इथेच अडलंय. त्या एका पातळीत बसवायच्या कशा? बांबूच्या कामट्या चालतील की कार्बनच्या नळ्याच हव्यात? कापड रिपस्टॉप नायलॉनचं (फाट पुढे पसरू न देणाऱ्या विणीचं) घेतोय, कागद एवढा ताण सोसणार नाही. आणि कन्नी एका टोकावर बांधावी की दोन टोकांवर? कुणाकडे मापांसकट आराखडा असेल तर द्या, हाताने काढलेलाही चालेल.