लोकरीवरचा कृत्रिम लाल रंग धुताना का सुटतो?

सुईदोरा
नमस्कार. मी घरी लोकरीच्या लड्या रंगवून मफलर विणते. गेल्या महिन्यात २०० ग्रॅम पांढरी मेरिनो लोकर ॲसिड डाय (आम्लाच्या पाण्यात चढणारे कृत्रिम रंग) गटातल्या लाल रंगात रंगवली आणि तिला पांढरी किनार जोडून मफलर विणला. पहिल्याच धुण्यात किनार गुलाबी झाली. रंगवताना पातेल्यातले पाणी शेवटपर्यंत लालच राहिले होते, पण लोकर पुरेशी गडद दिसल्याने मी लडी काढून घेतली होती. त्याच कृतीने केलेले फिके पिवळे आणि निळे सूत मात्र टिकले आहे. रासायनिक लाल कच्चाच असतो, मंजिष्ठा वापर, असे मैत्रिणी सांगतात. हे खरे आहे का? आणि मफलर व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवला तर रंग पक्का होईल का?

रंगशाळा
ताई, आधी व्हिनेगरचे सांगतो, कारण तिथे घाई झाली तर मफलर हातचा जाईल. आम्लात लोकरीच्या प्रथिनांतील अमिनो गटांवर धन विद्युत्भार येतो आणि ॲसिड डायमधले ऋणभारित सल्फोनेट गट त्यांना धरून बसतात. रंगवताना आपल्याला हेच हवे असते. पण किनारीवर आलेला रंगही याच रीतीने तिथे घट्ट बसेल, आणि पाणी कोमट असेल तर आणखी लवकर. त्यामुळे मफलर थंड पाण्यात, सौम्य द्रव साबणाने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा खंगाळा. धुण्याचा सोडा अजिबात नको. अल्कलीने रंग सुटतो हे खरे, पण लोकरही खराब होते.

मूळ चूक पातेल्यातल्या लाल पाण्यात आहे. गडद लालसाठी लोकरीच्या वजनाच्या २ ते ३ टक्के रंग लागतो, फिक्या छटांना त्याहून बराच कमी. आम्ल कमी पडले किंवा पाणी ८५-९० अंशांपर्यंत पोचून पुरेसा वेळ तिथे राहिले नाही, तर रंगाचा बराच भाग तंतूच्या आत न जाता पृष्ठभागावरच राहतो आणि तोच पुढे धुण्यात निघतो. पाणी जवळजवळ निवळेपर्यंत लडी बाहेर काढू नये.

शिवाय सगळे ॲसिड लाल सारखे नसतात. लहान रेणूंचे, ‘लेव्हलिंग’ प्रकारचे रंग लोकरीवर सुंदर एकसारखे पसरतात, पण जितक्या सहज आत जातात तितक्याच सहज बाहेरही येतात. मोठ्या रेणूंचे ‘मिलिंग’ रंग धुण्याला चांगले टिकतात, मात्र उष्णता घाईने वाढवली तर डाग पाडतात. पांढऱ्याशेजारी लाल ठेवायचा असेल, तर मिलिंगचे कष्ट घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना गालिचा
‘रासायनिक म्हणजे कच्चा’ या समजाला इतिहासात आधार आहे, पण तो अर्धाच. १८५९ च्या सुमारास फ्रान्समधल्या ल्यों शहरात तयार झालेला फुक्सिन हा कृत्रिम किरमिजी रंग लोकरीवर झळकायचा आणि उन्हात लवकर विटायचा. पुढे १८७८ च्या आसपास पोन्सो २आर हा ॲझो (कृत्रिम रंगांचा एक मोठा गट) प्रकारचा लाल आला. जुन्या तुर्कमेन गालिच्यांत असे लाल आढळतात आणि ओल लागताच शेजारच्या पांढऱ्या लोकरीत उतरतात. इराणच्या कजार घराण्याच्या शासनाने ॲनिलिन रंगांच्या, म्हणजे त्या काळच्या कृत्रिम रंगांच्या, आयातीवर बंदी घातली, तीही अशाच रंगांमुळे.

पण त्याच काळातला दुसरा कृत्रिम लाल पाहा. युरोपीय मंजिष्ठाच्या मुळातले अलिझारिन हे लाल रंगद्रव्य ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत घडवले. पुढच्या वर्षी ते डांबरातील अँथ्रॅसीनपासून करण्याच्या पद्धतीचे पेटंट लंडनमध्ये या जर्मनांनी २५ जूनला मागितले आणि इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनने २६ जूनला. तुरटीचा रंगबंधक (रंग तंतूला धरून ठेवणारे द्रव्य) देऊन चढवलेले हे अलिझारिन लोकरीवर अतिशय पक्के बसते. ते मुळातून आले की कारखान्यातून, हे लोकरीला कळत नाही. आपल्याकडच्या मंजिष्ठात मात्र अलिझारिनपेक्षा पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन ही द्रव्ये मुख्य असतात, त्यामुळे तिची छटा वेगळी येते. मुंजिस्टिन हे नावही मंजिष्ठावरूनच पडले आहे.

सुईदोरा
दोघांचेही मनापासून आभार. थंड पाण्यात सात वेळा खंगाळल्यावर किनारीचा गुलाबी बराच फिका झाला. उरलेली लाल लडी व्हिनेगर घालून पुन्हा पाण्यात चढवली आणि पाऊण तास ढवळाढवळ न करता ९० अंशांजवळ ठेवली, कारण ढवळले की लोकर आटते. पाणी चहाच्या फिक्या कोऱ्या रंगावर आले तेव्हाच गॅस बंद केला आणि लडी त्याच पाण्यात गार होऊ दिली. नंतर तिचा एक धागा पांढऱ्या धाग्याशी पिळून साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवला होता. सकाळी पांढरा धागा पांढराच होता.