मदत हवी आहे: गॅमा किरण स्फोटांतील टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट फोटॉन नेमके कसे निर्माण होतात?

नमस्कार. गॅमा किरण स्फोटांच्या पश्चदीप्तीविषयी, म्हणजे मूळ स्फोटानंतर रेंगाळणाऱ्या प्रारणाविषयी, वाचताना एका मुद्द्यावर माझे घोडे अडले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा कोसळला किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाले, की जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पदार्थाचा झोत बाहेर पडतो. सुरुवातीचे गॅमा किरण झोताच्या आतच तयार होतात; त्यांची यंत्रणा वादग्रस्त आहे, परंतु माझा प्रश्न त्यानंतरच्या टप्प्याचा आहे. झोत भोवतालच्या वायूवर आदळला, की आघात तरंगात इलेक्ट्रॉनांना ऊर्जा मिळते आणि चुंबकीय क्षेत्रात फिरताना ते सिंक्रोट्रॉन प्रारण सोडतात. रेडिओ लहरींपासून क्ष-किरणांपर्यंतच्या पश्चदीप्तीचा उलगडा यातून बराचसा होतो.

मात्र या प्रारणाला वरची मर्यादा आहे. इलेक्ट्रॉन जितका ऊर्जावान, तितकी त्याची ऊर्जा झपाट्याने खर्च होते, आणि मिळकत व खर्च जिथे समान होतात तिथे फोटॉनाची ऊर्जा, झोतासोबत जाणाऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने, सुमारे 100 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टवर (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचे एकक, मेगा म्हणजे दहा लाख) अडते. विशेष म्हणजे चुंबकीय क्षेत्र वाढवूनही उपयोग नाही, कारण ठरावीक ऊर्जेच्या फोटॉनासाठी त्याने प्रवेग आणि ऱ्हास दोन्ही सारखेच वाढतात. आपल्याकडे पोहोचेपर्यंत ही ऊर्जा झोताच्या वेगामुळे कित्येक पटींनी वाढते, तरी टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (मेगाच्या दहा लाख पट) जात नाही.

14 जानेवारी 2019 च्या स्फोटात गॅमा किरण टिपणाऱ्या मॅजिक दुर्बिणींना सुमारे 1 टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे फोटॉन दिसले. तिथे त्याच इलेक्ट्रॉनांनी स्वतःच सोडलेल्या फोटॉनांना धडकेत ऊर्जा दिली, हे व्यस्त कॉम्प्टन प्रकीर्णनाचे स्पष्टीकरण मला पटते. परंतु त्याच वर्षी 29 ऑगस्टच्या स्फोटात तशाच हेस दुर्बिणींनी 3.3 टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत मोजलेल्या वर्णपटाचा उतार (ऊर्जा वाढेल तसे प्रारण किती झपाट्याने घटते ते) क्ष-किरणांच्या उताराशी जुळतो. इतक्या उच्च ऊर्जेला क्लाइन-निशिना परिणामामुळे धडकेची शक्यता घटते, म्हणून तो उतार अधिक तीव्र असायला हवा होता. हा स्फोट तुलनेने जवळचा असल्याने दीर्घिकांमधल्या अवकाशातील प्रकाशामुळे वाटेत फोटॉन शोषले जाऊन उतार बदलला, असेही फारसे म्हणता येत नाही.

मग सिंक्रोट्रॉनचीच मर्यादा ओलांडली गेली, असे मानावे का? इलेक्ट्रॉन क्षीण चुंबकीय क्षेत्राच्या भागात वेग घेऊन प्रबळ क्षेत्राच्या भागात प्रारण सोडत असतील, तर वरील तोल मोडतो, हे मला दिसते. पण आघात तरंगाजवळ असे दोन वेगळे भाग टिकून राहतील कसे? आणि क्ष-किरणांशी जुळणारा उतार हा केवळ योगायोग असू शकतो का, हे पारखायला कोणते निरीक्षण निर्णायक ठरेल?